बारदान, बोरू आणि ओली माती



उन्हाळ्याच्या सुटीत नातवंडांना कोणत्या कामात गुंतवावे, हा प्रश्न दरवर्षी घरोघरी पडतो. निवृत्त झालेल्या आपल्यासारख्या ज्येष्ठांना तो स्वतःविषयीही पडतो, केवळ उघडपणे कोणी बोलत नाही इतकेच. या वेळच्या लेखासाठी म्हणून एक जुने, स्वस्त आणि हातांना काम देणारे शिल्प निवडले आहे : मातीवर नक्षी उमटवणारी अवजारे घरच्या घरी तयार करणे. मातीची भांडी घडवण्यास चाक लागते, गुरू लागतो, वर्षांचा सराव लागतो. परंतु मातीचा सपाट पोळा लाटून त्यावर खुणा उमटवणे आणि त्या खुणांसाठी लागणारे साधन आपणच बनवणे, हे दहा वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या आजोबांपर्यंत कोणालाही साधते.

‘हे काम आपले नव्हे, कुंभाराचे आहे’, असे व्यापारी घरांत सहज म्हटले जाते. म्हणून प्रथम आपल्याच परंपरेकडे पाहू. भगवान ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प अशी सहा कर्मे लोकांना शिकवली, हे आपण पाठशाळेत शिकलो. त्यांपैकी मसि आणि वाणिज्य आपण घट्ट धरून ठेवले. शिल्प मात्र इतरांकडे सोपवले. श्वेतांबर परंपरेत तर शिल्पांमध्येही कुंभकाराचे शिल्प पहिले मानले आहे. हेमचंद्राचार्यांच्या ‘त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा’त ती कथा येते. अग्नी नव्यानेच प्रकट झाला होता आणि लोक त्यात धान्य टाकीत, ते जळून जाई. तेव्हा हत्तीवर आरूढ असलेल्या प्रभूंनी ओल्या मातीचा गोळा मागवला, तो हत्तीच्या गंडस्थळावर ठेवून पसरवला आणि पहिले भांडे घडवले. या कथेकडे कारागिराच्या नजरेने पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. पहिल्या भांड्यासाठी बाजारातून साचा आणावा लागला नाही. समोर जे गोल आणि घट्ट होते, तेच साचा झाले. हाताशी असलेल्या वस्तूत अवजार पाहणे, हाच आजच्या लेखाचा विषय आहे.

मातीवर खूण उमटवण्याची कला माणसाने फार लवकर आत्मसात केली. आपल्याकडे प्रयागराज परिसरातील बेलन नदीच्या खोऱ्यात कोल्डिहवा आणि महागरा येथे नवाश्मयुगीन भांड्यांचे तुकडे सापडले. त्यांवर दोरीचे ठसे आहेत. ओल्या भांड्यावर दोरी दाबली किंवा दोरी गुंडाळलेल्या थापीने ते ठोकले की अशी नक्षी उमटते. जपानमध्ये तर एका संपूर्ण प्राचीन संस्कृतीचे नावच दोरीवरून पडले. 1877 साली एडवर्ड मोर्स या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने तोक्योजवळ ओमोरी येथे उत्खनन केले आणि तेथील भांड्यांचे वर्णन ‘दोरीच्या खुणांची’ असे केले. त्याच अर्थाचा ‘जोमोन’ हा जपानी शब्द पुढे त्या युगाचे नाव झाला. पश्चिम आफ्रिकेतील कुंभार स्त्रिया पिळलेल्या दोरीचा तुकडा किंवा दाणे काढलेले मक्याचे कणीस ओल्या भांड्यावर फिरवून आजही नक्षी काढतात. साधन इतके साधे असते.

व्यापारी वाचकांना अधिक जवळचे वाटेल असे उदाहरण गुजरातमधील लोथलचे आहे. एस. आर. राव यांच्या मार्गदर्शनाखाली 1955 पासून तेथे उत्खनन झाले. चार हजार वर्षांहून जुन्या त्या बंदरातील वखारीच्या जागी साठाहून अधिक मातीच्या मोहोरा मिळाल्या. मालाच्या गाठोड्यावर दोरी बांधून तिच्या गाठीवर ओल्या मातीची गोळी दाबावयाची आणि त्या गोळीवर व्यापाऱ्याची मुद्रा उमटवावयाची, अशी ती पद्धत होती. मोहोरेच्या पुढच्या बाजूस मुद्रेचे चित्र आणि मागच्या बाजूस कापडाचे, चटईचे, दोरीचे ठसे अशा दोन्ही खुणा त्या मातीत राहिल्या. पुढची खूण हेतुपुरस्सर केलेली होती, मागची आपोआप उमटली होती. कापड केव्हाच नष्ट झाले, दोरी नष्ट झाली, माल कोणाचा होता तेही कळत नाही. परंतु विणीचा ठसा शिल्लक आहे. आपल्या गोदामातील बारदानाचा तुकडा ओल्या मातीवर दाबून पाहा, नेमकी तशीच खूण उमटेल.

दुसरे उदाहरण पुदुच्चेरीजवळच्या अरिकामेडूचे. 1945 मध्ये मॉर्टिमर व्हीलर यांनी तेथे खणलेल्या थरांत पसरट थाळ्या मिळाल्या. त्यांच्या आतील तळावर बारीक टिंबांची एकात एक वर्तुळे आहेत. एकेकाळी या थाळ्या रोमन मानल्या जात. पुढे त्या भारतातच बनत होत्या हे स्पष्ट झाले. श्रीलंकेपासून इंडोनेशियातील बाली बेटापर्यंत त्या सापडतात. ती टिंबे दातेरी चक्राने काढली असावीत किंवा फिरत्या थाळीवर लवचिक पाते टेकवून, ते उडते ठेवून काढली असावीत, असे अभ्यासक मानतात. जपानमधील ओंता या खेड्यात कुंभार आजही हीच दुसरी रीत वापरतात आणि त्यासाठी जुन्या घड्याळाच्या स्प्रिंगचे पोलाद वापरण्याची प्रथा आहे. बंद पडलेल्या घड्याळाचा असा उपयोग कोणत्याही हिशेबी माणसाला पटावा.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. अवजारे मी पाच गटांत मांडतो.

पहिला गट दोरीचा. हाताच्या वितीएवढी, अंगठ्याएवढ्या जाडीची गोल काठी घ्यावी. तिच्यावर सुतळी किंवा काथ्या एकास एक चिकटून घट्ट गुंडाळावा आणि दोन्ही टोके खाचेत अडकवून गाठ मारावी. काठी मातीच्या पोळ्यावरून दाबून फिरवली की तिरप्या रेघांचे पट्टे उमटतात. सुतळीला मध्ये मध्ये गाठी मारल्या तर रेघांत ठिपके येतात. एकदा उजवीकडे व एकदा डावीकडे तिरपी गुंडाळली तर चौकटी होतात. एका काठीत हे तीन प्रकार साधतात.

दुसरा गट बोरूचा. चोपडीपूजनाच्या दिवशी बोरू हाती घेण्याची प्रथा अजून काही पेढ्यांवर पाळली जाते. तोच पोकळ बोरू सरळ कापला तर मातीवर लहान वर्तुळ उमटते, तिरपा कापला तर लंबगोल, उभा चिरून अर्धा ठेवला तर चंद्रकोर. बारीक, मध्यम व जाड असे तीन बोरू घेतले तर नऊ निरनिराळे ठसे होतात. बांबूच्या काड्यांचेही असेच करता येते. बांबू तासताना पाते नेहमी शरीरापासून दूर न्यावे आणि मुलांकडून हे काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच करवावे.

तिसरा गट फण्यांचा. मुदत संपलेले एटीएम कार्ड प्रत्येकाच्या कपाटात पडलेले असते. प्रथम त्यावरील क्रमांक, चिप आणि काळी पट्टी कापून त्यांचे बारीक तुकडे करून टाकावेत. हा नियम बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाचा आहे, तो मोडू नये. उरलेल्या तुकड्याच्या कडेला कात्रीने दाते पाडावेत. दाते सारखे असावेत असे नाही. दोन बारीक, एक रुंद, पुन्हा तीन बारीक अशी रचना केली तर ओढलेल्या रेघांना कापडाच्या काठासारखी शोभा येते. करवतीच्या तुटलेल्या पात्याला एका बाजूने जाड चिकटपट्टी गुंडाळली की धातूची फणी तयार होते. मोडक्या छत्रीची तार वाकवून तिचा फास करावा, त्याची दोन्ही टोके बांबूच्या दांड्यात खोचून दोऱ्याने आवळावीत. मातीतून पन्हाळीसारखी खोलगट रेघ काढण्यास हे अवजार उत्तम.

चौथा गट घरातील तयार वस्तूंचा. पापड लाटण्याचे रेघांचे लाटणे, करंजीची कातण, सोऱ्याच्या चकत्या, चहाची गाळणी, वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, नारळाची करवंटी, जुनी लेस, बटणे, स्क्रूचे आटे, पेनाची टोपणे ही सर्व नक्षीची साधने आहेत. एकच नियम कटाक्षाने पाळावा : मातीस लागलेली वस्तू पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नये. श्राविकांची परवानगी न घेता लाटणे उचलू नये, हे वेगळे सांगावयास नको.

पाचवा गट मातीच्याच ठशांचा. मातीची बोटाएवढी कांडी करावी, एक टोक सपाट करावे, ती थोडी वाळू द्यावी आणि मग त्या टोकावर सुईने किंवा टोकदार काडीने आकृती कोरावी. आकृती उलटी कोरावी लागते. अक्षर असेल तर आरशात दिसते तसे. असा ठसा 900 ते 1000 अंश सेल्सिअसच्या सुमारास भाजला की तो कठीण तरीही सच्छिद्र होतो, ओल्या मातीतील थोडे पाणी शोषतो आणि म्हणून चिकटत नाही. न भाजलेला ठसा मात्र ओल्या मातीवर वापरताच मऊ पडतो. येथे आकुंचनाचा हिशेब ठेवावा. माती ओल्यापासून भाजेपर्यंत साधारणपणे शेकडा आठ ते बारा आकसते. तीस मिलिमीटरचा ठसा कोरला तर हाती सुमारे सत्तावीस मिलिमीटरचा येतो, आणि त्याने उमटवलेली नक्षी भाजल्यावर पुन्हा आकसून चोवीसच्या आसपास येते. भट्टी नको असेल त्यांनी लाकडाचा ठसा कोरावा.

अवजारे झाली, आता ती वापरण्याची वेळ साधली पाहिजे. मातीचा पोळा सहा ते आठ मिलिमीटर जाडीचा लाटावा. दोन्ही बाजूंस त्याच जाडीच्या पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणे फिरवले की जाडी सारखी राहते. लाटल्यावर लगेच ठसा मारला तर तो चिकटतो आणि कडा फाटतात. फार वेळ थांबले तर माती भेगाळते. पृष्ठभागाची चकाकी गेली, बोटाला माती लागत नाही, परंतु दाबल्यास खळगा पडतो, ही दाबठशांची वेळ. त्यानंतर काही तासांनी पोळा उचलला तरी वाकत नाही, मात्र नखाने रेघ निघते. ती कोरण्याची वेळ. ठशावर कोरडे मक्याचे पीठ हलकेच भुरभुरले तर तो सुटून येतो. ठसा सरळ दाबून सरळच उचलावा, हलवू नये. पोळा वाळताना दोन बाजूंनी वर्तमानपत्र ठेवून सावकाश वाळू द्यावा, नाहीतर कोपरे वर उचलतात. कोरड्या मातीची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. म्हणून जागा झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

प्रत्येक नवे अवजार तयार झाले की एका लहान चौकोनी फरशीवर त्याचा ठसा घ्यावा, मागे क्रमांक घालावा आणि तोच क्रमांक अवजारावर लिहावा. बँकेत खातेदाराची नमुना सही ठेवतात, तसा हा अवजाराचा नमुना. पुढे नक्षी योजताना अंदाज करीत बसावे लागत नाही. दहा सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या आणि आठ मिलिमीटर जाडीच्या फरशीस सुमारे दीडशे ग्रॅम ओली माती लागते. म्हणजे पाच किलो मातीत तीसेक फरश्या होतात. सुटीभर पुरेल इतके हे भांडवल आहे, आणि न भाजलेली फरशी पाण्यात विरघळवून तीच माती पुन्हा वापरता येते. मुद्दल कायम ठेवणारा असा व्यवहार विरळा.

येथवर वाचून काही श्रावकांच्या मनात शंका आली असेल, आणि ती रास्त आहे. माती म्हणजे पृथ्वीकाय. भट्टी म्हणजे अग्निकायाचा आरंभ. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत अंगारकर्म आहे आणि हेमचंद्राचार्यांनी ‘योगशास्त्रा’त त्याच्या विवेचनात कुंभारकामाचाही समावेश केला आहे. आमच्या परिचयातील एका कापड व्यापारी कुटुंबात याच कारणावरून वर्षभर अबोला राहिला. नातीने मातीकामाचे रीतसर शिक्षण घ्यावयाचे ठरवले. आजोबा व्रतधारी श्रावक. ते म्हणाले, “सात पिढ्यांत आपल्या घरात भट्टी पेटली नाही.” नातीने शांतपणे उत्तर दिले, “आजोबा, सद्दालपुत्त श्रावकच होता ना? त्याची कथा तुम्हीच मला सांगितली होती.”

ती कथा ‘उपासकदशांग’ सूत्राच्या सातव्या अध्ययनात आहे. पोलासपुरचा सद्दालपुत्त हा धनाढ्य कुंभार. नगराबाहेर त्याची कुंभारकामाची पाचशे दुकाने होती. एक कोटी सुवर्ण ठेवीत, एक कोटी व्याजी व्यवहारात, एक कोटी घरवैभवात, असा त्याचा ताळेबंद सूत्रात दिला आहे. तो आजीविक मताचा, नियतिवादी. भांडी उन्हात ठेवीत असता भगवान महावीरांनी त्याला विचारले, ही भांडी कशी झाली? त्याने सांगितले : आधी माती होती, मग ती पाण्यात भिजवली, तीत राख व शेण मिसळले, चाकावर चढवली आणि भांडी झाली. भगवंतांनी पुढे विचारले, हे प्रयत्नाने झाले की प्रयत्नावाचून? नियतिवादाला अनुसरून तो म्हणाला, प्रयत्नावाचून. सारे ठरलेलेच असते. तेव्हा भगवंतांनी विचारले, कोणी ही भांडी चोरली, फोडली किंवा तुझी पत्नी अग्निमित्रा हिच्याशी दुर्वर्तन केले, तर तू काय करशील? तो म्हणाला, त्याला शासन करीन. मग सारे ठरलेलेच असेल तर दोष कोणाचा आणि शासन कोणाला? सद्दालपुत्ताला बोध झाला आणि तो भगवंतांचा श्रावक झाला. दहा आदर्श श्रावकांत त्याची गणना आहे.

आजोबा शास्त्र जाणणारे होते. त्यांनी नातीला सांगितले की, सद्दालपुत्ताच्या कथेने कुंभारकाम निर्दोष ठरत नाही. कर्म आपल्या प्रयत्नाने घडते आणि म्हणून त्याचा हिशेबही आपल्याच खाती पडतो, एवढे त्या कथेने ठरते. नातीने ते मान्य केले. आता ती न भाजलेल्या मातीवर आधी सर्व प्रयोग करते, वर्षानुवर्षे वापरात राहील तेवढीच वस्तू भाजण्यास देते, आणि उरलेली माती पुन्हा भिजवते. करणे, करविणे आणि अनुमोदन या तिन्हींचा विचार आजोबांच्या मनातून गेलेला नाही. भट्टी पाहण्यास ते अद्याप गेलेले नाहीत. परंतु एके दिवशी त्यांनी माळ्यावरून एक लाकडी ठसा काढून नातीच्या हाती दिला. पूर्वी कापडाच्या थानावर पेढीची छाप मारीत, तो तो ठसा. तिच्या फरशांच्या मागे आता तीच छाप असते. अबोला त्या दिवसापासून संपला.

मला या दोघांच्या भांडणात कोणाचाही पराभव दिसत नाही. आपणही विवेकाने काही मर्यादा पाळू शकतो. पाणी गाळूनच घ्यावे. चिखल भांड्यात दिवसेंदिवस भिजत ठेवू नये, त्यात जीवोत्पत्ती होते. त्या दिवशी लागेल तेवढीच माती भिजवावी आणि उरलेली वाळवून झाकून ठेवावी. मातीकामाच्या पुस्तकांत शिंपले, हाडे, हस्तिदंत, चामडे, प्राण्यांच्या केसांचे कुंचले अशी साधने सुचवलेली आढळतात. ती आपणास नकोत. बांबू, बोरू, काथ्या, करवंटी, घोसाळे यांनी त्या प्रत्येकाचे काम भागते. पर्युषणात आणि तिथींच्या दिवशी हे काम बंद ठेवावे. भाजण्याविषयी ज्यांना शंका असेल त्यांनी आपल्या गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. प्रत्येकाचे व्रत वेगळे असते.

तयार अवजारांचे संच बाजारात मिळतात. ते सुबक असतात. परंतु एकाच संचातून शंभर घरांत एकच नक्षी उमटते. आपल्या हातच्या फणीचा एक दाता वाकडा असतो, आणि त्या वाकड्या दात्याची रेघ दुसऱ्या कोणाच्या मातीवर नसते. आपल्या घरची मुले वस्तूची किंमत लवकर ओळखू लागतात. त्या वस्तूमागील हात, वेळ आणि वाया गेलेला माल त्यांना दिसत नाही. एक बोरू कापून, तो चुकीचा कापला गेला म्हणून दुसरा कापून, शेवटी हवे तसे वर्तुळ मातीत उमटले की कारागिराशी भाव करताना त्यांची जीभ थोडी मागे सरेल. एवढे झाले तरी पाच किलो माती सत्कारणी लागली असे समजावे.

या रविवारी गोदामातून हातभर बारदान आणावे आणि आरंभ करावा. जय जिनेंद्र.